काळा-पांढरा पायबंद

खुर्चीचा ब्रेक लावायचा राहिला, आणि जाझगुलने थेट तळ्याची वाट धरली.

सॅनेटोरियमच्या मागच्या दारापासून एक सिमेंटचा उतार जर्दाळूच्या झाडांमधून खाली इसिक-कुल तळ्याच्या काठापर्यंत जातो. दोन्ही बाजूंनी फुलं, समोर निळं पाणी, पलीकडे बर्फाचे डोंगर. बघायला छान. पण चाकाच्या खुर्चीत बसून, मागे कुणी नसताना, एकटीने सुसाट खाली जायला अजिबात छान नाही. जाझगुलने चाकं धरायला हात घातले आणि तळवे भाजल्यासारखे झाले म्हणून चटकन मागे घेतले. मग तिने तिला सगळ्यात चांगलं जमायचं ते केलं. ती ओरडली.

"बाजूला व्हा! अहो, तुम्ही! बाजूला व्हाऽऽ!"

अत-बाशीच्या शाळेत ती मुलींना व्हॉलीबॉल शिकवायची. तिचा आवाज मैदानाच्या पार टोकाला आणि पुढे दोन गल्ल्या ऐकू जायचा. उताराच्या मध्यावर उभ्या असलेल्या त्या उंच, सडपातळ माणसालाही तो नक्कीच ऐकू आला. पण पठ्ठ्या बाजूला झाला नाही. त्याने खुर्चीकडे पाहिलं, आपल्या डाव्या हातातल्या जाडजूड हातमोज्याकडे पाहिलं, लोंबणाऱ्या उजव्या हाताकडे पाहिलं... आणि सरळ वाटेत आडवा उभा राहिला.

खुर्ची त्याच्या गुडघ्यांवर आदळली. तो मागे वळत कोलमडला आणि बसला तो नेमका जाझगुलच्या मांडीवर. मग दोघंही तसेच तिरके वळले आणि एका जर्दाळूच्या बुंध्यावर जाऊन थांबले. झाड हललं. दोघांच्या डोक्यावर पांढऱ्या पाकळ्यांचा सडा पडला.



"तुम्ही माझ्या मांडीवर बसला आहात," जाझगुल म्हणाली.

"हो, खरंच की." त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. डोळे हसरे, एका भुवईवर पाकळी. "दुखतंय का?"

"मुंग्यांशिवाय पायांना काही कळतच नाही माझ्या. म्हणून तर इथे आलेय."

"मग घाई कशाला?"

आणि जाझगुल हसली. कितीतरी महिन्यांनी, अगदी पोट धरून. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्याचंच आहे की आणखी कशाचं, ते तिचं तिलाही कळेना.

"पण खुर्ची हाताने धरायची ना! आडवं कशाला पडायचं?"

"हा धरू शकतो, पण बांधलाय." त्याने हातमोजा वर केला. "हा मोकळा आहे, पण धरू शकत नाही. मग म्हटलं, सगळा मीच लावतो."

वरून पांढऱ्या डगल्यातली एक ठेंगणी बाई धापा टाकत धावत आली. दामिरा एजे, इथली मुख्य फिजिओथेरपिस्ट. सगळे तिला एजे म्हणजे ताई म्हणायचे, आणि सगळे तिला टरकून असायचे.

"बेकतूर! बायकांच्या मांडीवर बसणं हा कुठला व्यायाम? मी सांगितला होता?"

"नाही एजे. हा मीच शोधला."

"ऊठ आधी! आणि हे बघ, उजव्या हाताचा आधार घेऊन ऊठ."

त्याला उठायला बराच वेळ लागला. जाझगुलची काही तक्रार नव्हती.

*

तिचं झालं होतं ते असं. हिवाळ्यात साधा ताप आला, गेला. मग तळपायांना मुंग्या. मग एके सकाळी ती पलंगावरून उतरली आणि पाय तिचे नव्हतेच. डॉक्टर म्हणाले, कधीकधी शरीराची फौज तापाशी लढता लढता भरकटते आणि आपल्याच नसांवर उलटते. नसा पुन्हा भरून येतात, पण सावकाश. आणि त्या येईपर्यंत स्नायूंना चालणं नव्याने शिकवावं लागतं. जाझगुल सत्तावीस वर्षांची होती. आयुष्यभर मुलींच्या मागे "पाय उचला गं, पाय!" म्हणून ओरडत आलेली. आता तोच शब्द तिला ऐकवत नव्हता.

आणि बेकतूर होता काराकोलच्या बाजारातला न्हावी. चांगला न्हावी. नवरदेव लग्नाआधी त्याच्याकडे यायचे, इतका चांगला. एके दिवशी एका गिऱ्हाइकाची मान अर्धी कापून झाली आणि कात्री हातातून निसटून खाली पडली. तो उचलायला वाकला तो उठलाच नाही. उजवं अंग गेलं. पाय पुष्कळसा परत आला. जीभ तर कधी गेलीच नव्हती, असं दामिरा एजेचं म्हणणं. पण हात...

हाताची गोष्टच वेगळी असते. माणूस अडला की चांगला हात पुढे येतो. बटण डाव्याने, चमचा डाव्याने, दार डाव्याने. डावा शहाणा होत जातो आणि उजव्याला मेंदू विसरून जातो. म्हणून दामिरा एजे चांगला हातच बांधून टाकायची. सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या जेवणापर्यंत डाव्या हातात तो जाडा हातमोजा. आता खा, पी, खाजव, काय वाटेल ते कर, उजव्याने.

"मी कुणाला बरं करत नाही," ती म्हणायची. "मी फक्त पळवाटा बंद करते."

खरं सांगायचं तर ती दिवसभर उभी असायची. एकाचं बोट उघड, दुसऱ्याचा गुडघा धर, तिसऱ्याला पेला उचलायला लाव. पेला सांडला की पुन्हा भर. "बिच्चारा" हा शब्द तिच्या तोंडून कुणी कधी ऐकला नव्हता. तिच्या हाताखाली माणसं रडायची, शिव्या द्यायची, आणि मग एक दिवस आपल्या हाताने शर्टाचं बटण लावून थेट तिला दाखवायला यायची. ती नुसती "हं, आता दुसरं" म्हणायची आणि पाठ फिरवून नाक पुसायची.

*

जाझगुलने बेकतूरची चोरी पकडली ती जेवणघरात.

तो कोपऱ्यात पाठमोरा बसला होता. हातमोजा मांडीवर, आणि डावा हात उकडलेलं अंडं झपाझप सोलतोय.

"एजेऽ!" ती हळूच म्हणाली. एवढंच. हळू आवाजात.

तो दचकला. अंडं सुटून टेबलाखाली गेलं.

"चहाडी कराल?"

"का नको करू?"

"भूक लागलीय हो. उजव्याने सोलायला बसलो तर दुपार होते." मग त्याने चेहरा पाडला. "आणि परवा तुम्ही दांड्यांना न जाता डोकं दुखतंय म्हणून झोपलात, ते मी कुणाला सांगितलं?"

जाझगुलचे कान लाल झाले. व्यायामाच्या खोलीत दोन समांतर दांड्या होत्या, कमरेएवढ्या उंच. त्यांना धरून उभं राहायचं, चालायचं. तिथे उभी राहिली की तिचे गुडघे सगळ्यांदेखत लटपटायचे. मैदानावरची वाघीण ती... तिला ते सहन व्हायचं नाही.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही हातमोजा काढायचा नाही. मी दांड्यांपासून पळणार नाही."

"आणि पळालात तर?"

"मी पळाले तर एजे मिठाई वाटेल!"

तो इतका मोठ्याने हसला की शेजारचे चार्गिन अता जागे झाले. अता म्हणजे सगळ्यांचे आजोबा. म्हातारे एकेकाळी खिंडीतून ट्रक चालवायचे. आता कंपवाताने त्यांची मान आणि हात सतत हलत असत, आणि जेवताना त्यांना हटकून डुलकी लागे.

"लग्न ठरलं का कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"नाही अता, अंड्याचं ठरलंय," बेकतूर म्हणाला. पण म्हणताना त्याने जाझगुलकडे पाहिलं, आणि तिने उगाचच पावाचा तुकडा मोडायला घेतला.

त्या दिवसापासून ती दांड्यांमध्ये उभी असली की तो समोरच्या बाकावर बसायचा आणि बोटांनी शेंगदाणे उचलायचा. ती एक पाऊल टाकायची, तो एक दाणा उचलायचा. दाणा पडला की ती म्हणायची, "अगं बाई, पाय उचला!" आणि तिचा गुडघा मुडपला की तो म्हणायचा, "बसा, मांडी देऊ का?" दामिरा एजे ओरडायची की ही शाळा आहे की तमाशा. पण त्यांची वेळ एकत्र ठेवायची ती तीच.

*

जर्दाळू पिकले. बायकांनी गच्चीवर उन्हात फोडी पसरल्या. जाझगुल आता वॉकर धरून ओसरीपर्यंत येऊ लागली होती. आणि तिची झुलपं वाढून थेट डोळ्यांवर आली होती.

"न्हावी असून बघवतं कसं तुम्हाला हे?" तिने फुंकर मारून केस उडवले. "कापा ना."

त्याने तिच्या झुलपांकडे पाहिलं. मग त्याने खिशातून कात्री काढली. लांब, निमुळती, जुन्या पोलादाची. उस्तादाने दिलेली, तो कायम जवळ बाळगायचा.

"डाव्याने कापू?"

"कशानेही कापा."

"डाव्याने होत नाही. हे बघा." त्याने हातमोजा काढला. जाझगुलने डोळे वटारले. "दाखवतोय फक्त, चोरी नाही. ही कात्री उजव्या हातासाठीच बनते. डाव्यात धरली की पाती एकमेकांपासून दूर सरकतात. केस कापला जात नाही, मधल्यामधे दुमडतो." त्याने लोकरीचा एक धागा पात्यांत धरून दाखवला. धागा खरंच दुमडला आणि निसटला. "म्हणून मला उजवाच हवाय. दुसरं काही नको मला. एवढं एकच."

इतक्यात तळ्यावरून पाऊस आला. इथला पाऊस म्हणजे चार थेंब आणि पळापळ. बायका गच्चीवरच्या फोडी गोळा करायला धावल्या, ओसरीत ओल्या जर्दाळूंचा वास भरला. ते दोघं तिथेच बसून राहिले. पावसाचे तुषार तिच्या गालावर येत होते. त्याने उजवा हात उचलला, सावकाश, खांद्यातून, सगळा जीव लावून. आणि तिच्या डोळ्यांवरची झुलपं बोटांच्या मागच्या बाजूने हळूच सारली.

बोटं मिटलेलीच होती. पण हात तिथवर आला होता.

"मी वाट बघेन," ती म्हणाली. "उजव्याने जमेल तेव्हाच काप. तोवर नाही कापून घेणार कुणाकडून."

"काप?" तो म्हणाला. "मघाशी 'कापा' होतं."

"पावसात आवाज नीट ऐकू येत नाही तुला."

"तुला..." त्याने तो शब्द पुन्हा एकदा म्हणून पाहिला.

त्यानंतर त्याने गवत कापायला घेतलं, लोकर कापायला घेतली. सगळ्यांत मोठी फजिती झाली ती चार्गिन अतांच्या दाढीची. "माझी मान हलते, तुझा हात हलत नाही. जमेल!" म्हणत म्हातारे स्वतःहून पुढे बसले. कात्री मिटली. दाढी तिच्यात सापडली. आणि हात काही केल्या उघडेना! मिटणं सोपं असतं, उघडणं अवघड. जितका जोर करावा तितकी बोटं घट्ट आवळतात. म्हातारे "अरे सोड!" म्हणून उठले, बेकतूर दाढीला लटकून मागे मागे, आणि अशी ही वरात अंगणभर फिरली.

दामिरा एजेने येऊन त्याचं मनगट खाली वाकवलं. बोटं आपोआप सैलावली.

"किती वेळा सांगू? जोर नको. श्वास सोड, मनगट खाली सोड. उघडायला ताकद नाही लागत, सैल व्हावं लागतं."

सगळे हसत होते. जाझगुलही हसली. पण बेकतूर कात्री खिशात ठेवून तळ्याकडे निघून गेला, आणि त्याची पाठ बघून तिचं हसू विरलं.

*

पानं पिवळी पडली तेव्हा जाझगुल काहीही न धरता चालली. दांड्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मग दांड्या संपल्यावरही. दामिरा एजे "हं, आता परत" म्हणाली आणि खिडकीपाशी जाऊन बराच वेळ नाक पुसत राहिली.

याचा अर्थ एकच होता. पायबंद कापायचा.

इकडे मूल पहिली पावलं टाकू लागलं की त्याच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पीळ बांधतात, घोड्याला बांधतात तसा. लांबून माणसं शर्यत धावत येतात, पहिला येईल त्याने तो कापायचा, आणि मुलाचा हात धरून त्याला चालवायचं. कापणाऱ्याची चाल मुलाला लागते असं सगळेच मानतात. म्हणून आया आधीच चपळ माणूस हेरून ठेवतात. या सॅनेटोरियममध्ये कुणा म्हाताऱ्याने कधीतरी ठरवून टाकलं की दुसऱ्यांदा चालायला शिकणाऱ्याचाही पायबंद कापायलाच हवा. तेव्हापासून ती रीतच पडली होती.

जाझगुलची आपा, म्हणजे आई, खिंड ओलांडून आली. डब्यात पिठाचे तळलेले बोरसोक, पिशवीत लोकरीचा पीळ, आणि गाडी चालवायला शेजारचा अल्माझ. घोड्यांच्या शर्यती जिंकणारा, रुंद खांद्यांचा, साधा, हसरा मुलगा. त्याला कशाला आणलंय ते जाझगुलच्या लगेच लक्षात आलं.

"अल्माझ कापेल पायबंद," आपा तिचं सामान आवरताना म्हणाली. "आणि परवा घरी. खिंडीत बर्फ पडायच्या आत."

"शर्यत आहे आपा. जो पहिला येईल तो कापेल."

"मग अल्माझच की." आपाने तिच्या डोळ्यांवरची झुलपं मागे सारली. "काय हे ध्यान करून घेतलंस! तो न्हावी... एजेने सांगितलं मला. माणूस गोड आहे, नाही म्हणत नाही मी. पण न्हाव्याचा हात गेला म्हणजे राहिलं काय गं? तू आत्ता कुठे उभी राहतेयस. तुला धरणारा हवा, की तूच ज्याला धरावं असा?"

दारात कप वाजले. बेकतूर चहाचा ट्रे घेऊन उभा होता. उजव्या हातावर तोललेला, थोडा तिरका. एक थेंबही सांडला नव्हता.

"चहा," तो म्हणाला. ट्रे खिडकीत ठेवला आणि वळला.

जाझगुल त्याच्यामागे निघाली. आयुष्यात पहिल्यांदा तिला पळता येत नाही याचं एवढं वाईट वाटलं. जर्दाळूच्या झाडापाशी तिने त्याला गाठलं, कारण तोही लंगडतच चालला होता.

"आपाचं मनावर घेऊ नकोस."

"आपा खोटं बोलली नाही." तो तिच्याकडे बघत नव्हता. "मला तुला एक विचारायचंय जाझगुल. वसंतापासून विचारायचंय. पण या हाताने कात्री चालली तर विचारीन. नाही चालली तर तू परवा घरी जा. दुसऱ्याच्या गळ्यात धोंडा होणारा माणूस मी नाही."

"आणि मला काय वाटतं ते?"

"तुला काय वाटतं ते मला ठाऊक आहे," तो अगदी हळू म्हणाला. "म्हणून तर भीती वाटते."

ती भडकली. "मूर्ख आहेस तू! हट्टी, मूर्ख न्हावी!" असं ती इतक्या जोरात ओरडली की तळ्यावरची बदकं उडाली. पण खोलीवर परत येताना ती विचारात पडली होती. आणि जाझगुल विचारात पडली की समोरच्या संघाने सावध राहावं, हे तिच्या शाळेतल्या मुलींनी कुणालाही सांगितलं असतं.

*

दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन होतं. अंगणाच्या एका टोकाला जाझगुल उभी, घोट्यांना काळा-पांढरा पीळ. दुसऱ्या टोकाला चिनाराच्या रांगेपाशी स्पर्धक. अल्माझ बाह्या सरसावून. चार्गिन अता खुर्चीत, पट्टा आवळून. काठीवाले, वॉकरवाले. आणि अगदी कडेला, येऊ की नको करत, बेकतूर.

दामिरा एजेने टॉवेल हलवला.

काय शर्यत होती ती! वॉकरचे खडखडाट, चाकांची कुरकुर, कुणाचा श्वास, कुणाची शिवी. पाच पावलांवर एक जण बसला आणि हसत राहिला. चार्गिन अतांची खुर्ची स्वतःभोवतीच फिरली. बारा महिन्यांपूर्वी यातल्या कुणाला स्वतःची कूसही बदलता येत नव्हती, आणि आज ही मंडळी एकमेकांना कोपरं मारत धावत होती. बघून आपाच्या डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला गेलं. अल्माझ अर्थातच केव्हाच पोचला होता. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने आपाच्या हातातली कात्री घेतली.

"थांब," जाझगुल म्हणाली. "इथला नियम माहितीय ना?"

"कसला?"

"इथे चांगला हात बांधून काम करायचं. हो ना एजे?"

दामिरा एजेने जाझगुलकडे पाहिलं. मग लांब, पाय ओढत येणाऱ्या बेकतूरकडे पाहिलं. चेहऱ्यावरची रेषही न हलवता तिने डगल्याच्या खिशातून हातमोजा काढला.

"नियम म्हणजे नियम," ती म्हणाली, आणि अल्माझचा उजवा हात त्यात कोंबून पट्टा आवळला.

"एवढंच ना?" अल्माझ हसला. त्याने कात्री डाव्या हातात घेतली. पाती मिटली. लोकर दुमडली आणि निसटली. त्याने पुन्हा धरली. पुन्हा दुमडली. "अरेच्चा! ही कात्री बोथट आहे!"

"कात्री चांगली आहे," जाझगुल गोड आवाजात म्हणाली.

"जाझगुल!" आपाने दटावलं.

"काय गं आपा? मी काही केलं का?"

अल्माझ घामाघूम झाला. घोड्यावर जीव धोक्यात घालणारा तो गडी, एका लोकरीच्या पिळापुढे त्याने हात टेकले. "घ्या बुवा," तो बाजूला सरकला आणि हातमोजा काढून तळव्यांत फिरवत खरोखरच्या नवलाने म्हणाला, "हे असं हे लोक रोज करतात?"

"रोज," दामिरा एजे म्हणाली. "दिवसभर."

बेकतूर पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. त्याने अल्माझचा हातमोजा पाहिला, दुमडलेली लोकर पाहिली, आणि त्याला सगळं कळलं.

"लबाडी आहे ही."

"नियम आहे," जाझगुल म्हणाली. "बस खाली."

तो बसला. स्वतःचा डावा हात त्याने स्वतःहून पाठीमागे घेतला. खिशातली कात्री उजव्या हातात होती. मिटलेली. अंगण एकदम शांत झालं. 

हात उघडेना.

तिला त्याच्या मानेची शीर फुगलेली दिसली. बोटं पांढरी पडली, आणखी आवळली. त्याने जोर केला, आणखी केला. त्याच्या कपाळावरचा घाम तिच्या बुटावर पडला. तिच्या घशाशी आवाज आला होता, मैदानावरचा, सगळ्यात मोठा. "उघड!" म्हणून ओरडावं असं तिला इतकं वाटलं की तिने ओठ चावले. नाही उघडला तर हा माणूस उठेल, मान खाली घालून जाईल, आणि आपण खिंडीपलीकडे. एवढंच होतं ते, आणि ते सगळं त्या बोटांत होतं.

ती वाकली. पाय बांधलेले, तोल जाणारा, तरी वाकली. आणि त्याला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली,

"दुखत नाहीये मला. मग घाई कशाला?"

त्याने वर पाहिलं. एका क्षणात त्याला तो उतार, ती मांडी, डोक्यावरच्या पाकळ्या सगळं आठवलं असणार, कारण तो हसला. खुदकन, श्वास सोडून. आणि त्या हसण्यासरशी मनगट खाली पडलं.

बोटं उघडली.

कात्रीची पाती हळूच दूर झाली. त्याने ती पिळाच्या दोन्ही बाजूंना धरली, जपून, एखाद्याच्या कानापाशी धरावी तशी. आणि मिटली. कच्च!

काळा-पांढरा पायबंद जमिनीवर पडला.

काय ओरडा झाला! चार्गिन अता ब्रेक वाजवायला लागले, कुणीतरी काठी हवेत फेकली. दामिरा एजेने या वेळी नाक पुसायला पाठसुद्धा फिरवली नाही. आपा खाली बसली होती, पीळ उचलून हातात घट्ट धरून, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "कापला गं," ती म्हणत होती, "त्याच्याच हाताने कापला की गं."

बेकतूर उभा राहिला. कापणाऱ्याने हात धरून चालवायचं असतं, म्हणून त्याने हात पुढे केला. उजवा.

"हात नंतर, आधी हे," जाझगुल म्हणाली आणि कपाळ पुढे केलं. "वसंतापासून डोळ्यांपुढे अंधार आहे माझ्या."

त्याने कात्री वर नेली. ती डोळे मिटून उभी राहिली. पोलादाचा गारवा कपाळाला लागला, त्याचा श्वास पापण्यांवर आला. कच्च. थांबणं. एक लांब श्वास. पुन्हा कच्च. केस नाकावर पडले, तिला शिंक आली, तरी तिने ती दाबून धरली. मग तिने डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी तो मधे काही न येता समोर दिसला.

"तिरकी झाली," तो हिरमुसून म्हणाला.

"होऊ दे."

"आणि माझी चाल लागणार आता तुला. अल्माझची लागली असती तर धावली असतीस. माझी लंगडी आहे."

"मग बरंच झालं की," ती म्हणाली. "दोघांची चाल सारखी असली म्हणजे कुणाला कुणासाठी थांबावं लागत नाही." आणि मग तिला राहवलं नाही. "आता विचारतोस, की मीच ओरडून सांगू? तळ्यापलीकडे ऐकू जाईल!"

"नको नको," तो घाईने म्हणाला. त्याने कात्री खिशात टाकली आणि तिचा हात उजव्या हातात घेतला. बोटं तिच्या बोटांवर मिटली, घट्ट. "विचारतो. पण एक सांगून ठेवतो जाझगुल, हा हात एकदा मिटला की उघडायला फार वेळ लागतो."

"लागू दे," जाझगुल म्हणाली.

आणि दोघं लंगडत, एकमेकांना सांभाळत, जर्दाळूच्या झाडांमधून त्या उतारावरून खाली तळ्याकडे निघाले.